बंदुकीचा दस्ता : मापाचे लाकूडकाम

अहमदनगरचे (२०२४ पासून अहिल्यानगर) नाव शस्त्रांच्या इतिहासात येते ते ‘मलिक-ए-मैदान’ तोफेमुळे. निजामशाहीत, १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ती येथे ओतली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. ओतीव धातूची कीर्ती अशी टिकली. हातातल्या बंदुकीचे लाकूड घडविणाऱ्यांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही.

जुन्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सरळ आणि सडपातळ असे. मुठीपाशी बाक घेऊन खांद्याशी रुंद होणारा दस्ता युरोपीय बंदुकांबरोबर रूढ झाला. छऱ्याच्या बारा बोअर बंदुकीत त्याचे महत्त्व विशेष. या बंदुकीच्या नळीच्या टोकाला केवळ एक मणी असतो. मागच्या बाजूने नेम जुळविण्याचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. गाल दस्त्यावर टेकताच डोळा नळीच्या रेषेत यावा लागतो. दस्ता उंच झाला तर छरे वरून जातात आणि बसतो तो धक्का गालफडाला.

म्हणूनच जाणकार कारागीर शिंप्याप्रमाणे मापे घेतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साधारण सव्वाचौदा इंच धरली जाते. पण हात, मान आणि खांद्यांची रुंदी यांनुसार ती बदलते. नळीच्या रेषेपासून गालपट्टी किती खाली हवी आणि उजव्या हाताच्या माणसासाठी दस्ता उजवीकडे किती कलता ठेवावा, हेही ठरवावे लागते. लष्कराला इतके चोचले परवडत नाहीत. तरीही ली-एन्फिल्ड रायफलीचे दस्ते एकाहून अधिक लांबीचे काढले जात.

लाकूड अक्रोडाचे उत्तम. ते चिवट असून वजनाला बेताचे असते आणि नीट सुकविल्यावर सहसा वाकत नाही. भारतात ते काश्मीरचे. शिसवीचाही वापर होतो, पण ती जड पडते. फळी निवडताना मुठीपाशी रेषा सरळ वाहते ना, हे आधी पाहायचे. दस्ता सर्वांत बारीक तेथेच असतो आणि मोडतोही तेथेच. बाकीची नक्षीदार रेषा ही हौस.

खरी कसोटी लोखंड लाकडात बसविताना लागते. यंत्रभागाला काजळी फासून तो खाचेत दाबतात. डाग उठेल तेवढेच लाकूड पटाशीने खरवडायचे, पुन्हा दाबायचे. घाईने जागा सैल राहिली, तर प्रत्येक बाराचा धक्का एकाच ठिकाणी बसून लाकूड तडकते. शेवटी मुठीवर चौकड्यांची जाळी कोरतात आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात कित्येक दिवस चोळतात.

या कामाला गिऱ्हाईक मुळातच थोडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची हौस संपविली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रे बनविण्यास व दुरुस्त करण्यास परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. उरतात ते ट्रॅप व स्कीट खेळणारे नेमबाज. त्यांच्यापैकी अनेकांच्या बंदुकांना गालपट्टी स्क्रूने खालीवर करता येणारे आयते दस्ते असतात.