जोंधळी पोतीपासून तंगुसाच्या माळेपर्यंत

२०१२ च्या दुष्काळात म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेत एक बाई दागिने गहाण ठेवायला आली. जनावरांसाठी वैरण आणि पाणी विकत घ्यायला तिला पैसे हवे होते. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीरपणे सांगितलेला आहे. त्यातूनच पुढे म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. माणदेशात सोनं मुख्यतः अडीनडीसाठीच असतं. चांगल्या सालात ते घरात येतं, वाईट सालात गहाण पडतं. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या कमी पावसाच्या टापूतली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. परमुलखातल्या सराफ कट्ट्यांवर दुसऱ्यांचं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. घरच्या बायकांच्या गळ्यात मात्र बारमाही राहिली ती काळ्या मण्यांची पोत. मण्यांच्या दागिन्यांना ‘खोटे दागिने’ म्हणणं किती अन्यायाचं आहे, हे त्यांचा मागोवा घेतल्यावर कळतं.

महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ज्ञात दागिन्यांत मण्यांचाच मान आहे. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ साली उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी हाती आले. त्यांचं वय सुमारे २५,००० वर्षं. तेव्हा शेती नव्हती, धातूही नव्हता. तरी कोणीतरी कवचाचा तुकडा घासून गोल केला, त्याला आरपार भोक पाडलं. पोट भरण्याशी या खटाटोपाचा काही संबंध नव्हता. छंदाचा याहून जुना पुरावा शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागेल.

माणगंगा ज्या भीमेला मिळते, त्या भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि तिच्यात रंगीत दगडांचे मणीही. हा माल दुरून आणायची गरज नव्हती. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाचा. त्यातल्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक तयार होतात. अकीक मंद आचेत तापवला की त्यातल्या लोहामुळे तो तांबडा होतो. ज्या खडकावर माणदेशात जोंधळासुद्धा मुश्किलीने येतो, त्याच जातीच्या खडकाने मण्यांचा व्यापार पोसला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणहून असे दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात, अशी नोंद आहे. परतीच्या जहाजांतून पोवळी आणि काच येत असे.

या मण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास मराठी माणसाने केला, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सातारा जिल्ह्यातल्या कराडचं प्राचीनत्व धुंडाळलं, नक्षीदार अकीक मण्यांवर १९४९ साली पुस्तक लिहिलं आणि पुढे भारतीय काचेचा इतिहास सिद्ध केला. राजांची नाणी आणि ताम्रपट यांना इतिहासात जागा होतीच. दीक्षितांनी सामान्य बाईच्या गळ्यातल्या मण्यालाही ती मिळवून दिली.

मराठी दागिन्यांचे घाट ठरले ते शेताकडे पाहून. जोंधळी पोतीत ज्वारीच्या दाण्याएवढे सोन्याचे मणी, गव्हाच्या पोतीत लांबट मणी, बोरमाळेत बोराएवढे. यातली खरी हुशारी मण्याच्या पोटात आहे. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून त्यात लाख भरतात. त्यामुळे मणी चेपत नाही, वजनाला हलका राहतो आणि थोड्या सोन्यात गळा भरतो. कमी ऐपतीत शोभा साधायची ही विद्या आपल्या सोनारांनी मुलाम्याचे दागिने बाजारात येण्याच्या कितीतरी आधी पक्की केली होती.

सोनार मणी घडवी, पण त्याचा दागिना करी तो पटवेकर. रेशीम पिळणं, गोफ विणणं, मंगळसूत्र गाठवणं हे त्याचं काम. दोन मोत्यांच्या मध्ये तो गाठ मारी, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती ओघळतो. ठुशीचे मणी दाटून बसतात आणि मागची दोरी ओढून ती कोणत्याही गळ्याला बेतते, हेही त्याच कसबाचं फळ. ज्यांना सोनार-पटवेकर परवडत नव्हते, त्यांच्या दारी भटक्या जमातींतल्या बाया सुया, बिबे, फण्या आणि पोत घेऊन येत. धान्याच्या ओंजळीवर काचेचे मणी मिळत आणि ओवणं घरीच होई. यात्रेतही हा माल असायचाच. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, तेव्हा काकणं आणि माळांच्या दुकानांपुढे बायकांची गर्दी आजही हटत नाही.

काचमणी पुढे कारखान्यांत बनू लागले. व्हेनिस आणि बोहेमियाचे बारीक मणी मुंबईत उतरले, उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर काचमण्यांचं गाव म्हणून नावारूपाला आलं. स्वस्त आणि एकसारखे मणी हाती आल्यावर मध्यमवर्गीय मराठी घरांत ओवण्याचं काम हौसेचं झालं. रुखवतात मण्यांचं तोरण, मण्यांची बाहुली, मण्यांचं आसन मांडलं जाऊ लागलं. संक्रांतीच्या हलव्याचे दागिने तर घरगुती कलेची परमावधी. साबुदाणा किंवा खसखशीच्या दाण्यावर पाकाचे थेंब सोडत, मंद आचेवर तो हाताने फिरवत राहायचा, म्हणजे काटा फुटतो. मग तो हलवा जाड कागदावर आणि दोऱ्यावर बसवून नव्या सुनेसाठी हार, बाजूबंद, मुकुट करायचे. बोरन्हाणाला बाळासाठीही तेच. साखरेचा हा दागिना एका दिवसापुरता. त्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण त्यात सासूने किंवा मावशीने घातलेले तास सगळ्यांना दिसतात.

जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली आणि असंख्य सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. १४ कॅरेटचा नियम काही वर्षांत सैल झाला, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. या दशकांत मुलाम्याचे दागिने लग्नघरांत उघडपणे आले. ‘बेन्टेक्सचं’ म्हटलं की काय ते सगळ्यांना कळू लागलं. त्याच काळात प्लॅस्टिकचे मोती आले, आणि मासेमारीच्या गळाचा तंगूस मणी ओवायला वापरात आला. तंगुसाला सुई लागत नाही, तो पाण्याने कुजत नाही, त्याचं टोक सरळ मण्यात शिरतं. पटवेकराकडून वर्षानुवर्षं शिकण्याच्या कामातलं निदान पहिलं पाऊल यामुळे कोणत्याही मुलीला घरी टाकता आलं.

आज तंगूस, तार, पक्कड, हूक आणि मण्यांची पाकिटं तालुक्याच्या बाजारात मिळतात. खणाच्या तुकड्यांचे, भाजलेल्या मातीचे, मोत्यांच्या नथीचे नमुने मोबाईलवर पाहून मुली घरी करतात. दागिना विकत घेणारी बाई तो घडवणारी झाली, ही या वंशावळीतली सर्वांत मोलाची पायरी आहे. म्हसवडला तिचं महत्त्व विशेष. १९९७ साली इथेच ग्रामीण बायकांनी स्वतःची बँक काढली. आधीचा अर्ज सभासद निरक्षर म्हणून फेटाळला गेला होता, तेव्हा बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि परवाना मिळवला. पुढे माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी उद्योगाची शाळा सुरू केली, ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. हिशोब शिकलेल्या हातांना छंदाचं उत्पन्न करणं अवघड नाही.

अवघड जातं ते स्वतःच्या श्रमाचा भाव धरणं. मणी, हूक, डबी यांचा खर्च बायका पैशापैशाने मांडतात आणि ओवण्याचे तास हिशोबातून सोडून देतात. पाटण्याच्या मण्यापासून हलव्याच्या हारापर्यंत साहित्य नेहमी साधंच होतं, मोल हाताच्या कामाचंच होतं. म्हणून दोन गोष्टी करा. घरात किंवा शेजारी पोत गाठवता येणारी कोणी वडीलधारी असेल, तर तिच्याकडून ती गाठ आत्ताच शिकून घ्या. ती मोबाईलवर नीट शिकता येत नाही. आणि पुढची माळ विकाल तेव्हा तिच्या किमतीत आपले तास आधी लिहा, मणी नंतर.