अपक्षांची यादी : १९९६ च्या निवडणुका आणि उमेदवारीचा कायदा

निवडणुकीच्या परिभाषेतील ‘उमेदवार’ हा शब्द मराठीला फारसीकडून मिळाला. उमेद, म्हणजे आशा, बाळगणारा तो उमेदवार. एखादे काम शिकण्यासाठी अल्प वेतनावर वा विनावेतन राबणाऱ्यालाही मराठीत उमेदवारच म्हणत आले आहेत. तो भरतो त्या कागदाला आपण ‘अर्ज’ म्हणतो आणि भरतो त्या पैशाला ‘अनामत’. लोकशाहीतील एका हक्काची ही सारी शब्दावली विनंतीची आणि ठेवीची आहे. पक्षाविना उभ्या राहणाऱ्याला मराठी व गुजराती ‘अपक्ष’ म्हणतात, हिंदी ‘निर्दलीय’, बंगाली ‘निर्दल’, तर कन्नड ‘पक्षेतर’. या सर्व संज्ञा अभावातून किंवा वेगळेपणातून घडलेल्या आहेत. तेलुगूतील ‘स्वतंत्र’ आणि तमिळमधील ‘सुयेच्चै’ (स्वेच्छेने वागणारा) यांची दिशा मात्र वेगळी आहे. त्या व्यक्तीच्या ठायी काय नाही हे सांगत नाहीत, काय आहे ते सांगतात. शब्दांवरून राजकीय संस्कृतीचे निष्कर्ष काढण्याचा मोह येथे आवरावा हे बरे. तरीही भारतीय कायद्याने अपक्षाकडे आणि मान्यता नसलेल्या लहान पक्षाकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे समजून घेताना या दोन शब्दकुळांचे स्मरण उपयोगी पडते.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेसाठी ५०० रुपये व विधानसभेसाठी २५० रुपये अनामत ठरवली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त. ही कल्पना ब्रिटिश आहे. तेथे १९१८ च्या कायद्याने १५० पौंड अनामत आणि एक-अष्टमांश मतांची अट घातली होती. पुढे १९८५ मध्ये ब्रिटनने रक्कम ५०० पौंडांवर नेली, पण मतांची अट पाच टक्क्यांपर्यंत खाली आणली. आपण रक्कम वाढवली, एक-षष्ठांश तसाच ठेवला. अमेरिकेत हाच अडसर प्रामुख्याने स्वाक्षऱ्यांचा आहे. ओहायो राज्याने नव्या पक्षाकडून मागितलेल्या ४,३३,१०० स्वाक्षऱ्यांची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

१९५१ मधील पाचशे रुपये ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील रक्कम नव्हती, हे सहसा विसरले जाते. पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागांसाठी १,८७४ उमेदवार होते. आकडा पंचेचाळीस वर्षे तोच राहिला आणि महागाईने त्याची धार बोथट केली. म्हणजे दार कायद्याने उघडले नव्हते. रुपयाच्या घसरणीने ते आपोआप किलकिले झाले. १९९६ मध्ये ५४३ जागांसाठी १३,९५२ उमेदवार उभे राहिले, ते या किलकिल्या दारातून.

त्या वर्षीच्या तीन याद्या विशेष वाचनीय आहेत. तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार होते. गाऱ्हाणी शेतकऱ्यांची होती. मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली आणि मतदान महिनाभर पुढे गेले. ८८ उमेदवारांना एकही मत मिळाले नाही. म्हणजे त्यांनी स्वतःलाही मत दिले नाही. आंध्र प्रदेशातील नलगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार होते आणि त्यांच्यामागे फ्लोराइडयुक्त पाण्याने हाडे वाकलेल्या गावांचा प्रश्न होता. तिसरी यादी बेळगावची, ४५६ नावांची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाप्रश्न मांडत आलेल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने तेथील मराठी भाषकांना मोठ्या संख्येने उभे केले होते.

या याद्यांना ‘बिनमहत्त्वाच्या उमेदवारांची गर्दी’ म्हणणे हा प्रशासकीय वाचनाचा दोष आहे. बेळगावात मते विभागली जातील हे उभे राहणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. ज्या निवेदनाला दिल्लीतून उत्तर येत नाही, ते निवेदन त्यांनी शासनाच्याच छापखान्यातून शासनाच्याच खर्चाने छापून घेतले. प्रत्येक नाव ही एक स्वाक्षरी, आणि मतपत्रिका हा त्या अर्जाचा कागद. अर्ज या लेखनप्रकाराचा भारतीय इतिहास लिहिताना या पुस्तिका वगळता येणार नाहीत.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनामत लोकसभेसाठी १०,००० व विधानसभेसाठी ५,००० रुपये झाली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरे, इतरांना दहा. मोडकुरिचीच्या सर्वांनी पूर्ण अनामत भरली असे धरले, तर जुन्या दराने २,५८,२५० रुपये होतात, नव्या दराने ५१,६५,०००. १९९८ मध्ये लोकसभेचे उमेदवार ४,७५० वर आले. मला मात्र रकमेपेक्षा दुसरी, कमी चर्चिलेली तरतूद अधिक बोलकी वाटते. तोवर मतपत्रिकेवर सर्व नावे एकाच वर्णानुक्रमाने येत. आता प्रथम मान्यताप्राप्त पक्षांचे, मग केवळ नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी उरलेले, असे तीन गट झाले. वर्णमाला ही मतपत्रिकेवरची एकमेव निःपक्षपाती व्यवस्था होती. तिचे राज्य आता गटाच्या आत उरले. मृत्यूच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. पूर्वी कोणत्याही उमेदवाराच्या निधनाने निवडणूक थांबे. नव्वदच्या दशकातील दुरुस्त्यांनंतर ती केवळ मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी थांबते.

विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात अपक्षांना लोकसभेची निवडणूक लढवण्यास मनाईच करावी अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. लहान पक्षांची अडचण चिन्हाची. १९६८ च्या चिन्ह-आदेशानुसार राखीव चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच मिळते, आणि मान्यता पूर्वीच्या मतांवर अवलंबून असते. मते मिळवण्यास चिन्ह हवे, चिन्ह मिळवण्यास मते. २०१२ मध्ये देसिय मुरपोक्कु द्रविड कळगम या पक्षाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी भिन्नमत नोंदवून नोंदणीकृत पक्षाला समान चिन्ह नाकारणे हा भेदभाव मानला. ज्या देशात पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी होती आणि मतदार पेटीवरचे चित्र पाहून कागद टाकत असे, त्या देशात चित्र हेच नाव असते. म्हणून हे भिन्नमत वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही वाचावे.

पुढे २००९ च्या दुरुस्तीने लोकसभेची अनामत २५,००० व विधानसभेची १०,००० झाली. तरी २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादेत १८५ उमेदवार होते. त्यांतील बहुसंख्य हळद पिकवणारे शेतकरी. हळदीला भाव आणि स्वतंत्र मंडळ ही त्यांची मागणी. पूर्वीच्या यंत्रांत ६४ हून अधिक नावे मावत नसत, तेव्हा कागदी मतपत्रिका काढावी लागे. या वेळी प्रत्येक मतदानयंत्राला बारा मतपत्रिका-एकके जोडून मतदान पार पडले. राष्ट्रीय हळद मंडळाचे काम निजामाबादेत सुरू झाले ते २०२५ मध्ये. बेळगावच्या प्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. अर्जाची जागा तेथे वादपत्राने घेतली.