गरीब, आफाकी आणि कंधारचा किल्ला

निवृत्तीनंतर स्वस्ताईच्या देशात जाऊन राहणे ही अलीकडची पाश्चात्त्य रीत समजली जाते. तिकडचे निवृत्तिवेतन इकडे पुरून उरते. थायलंड, फिलिपाईन्स, मलेशिया यांसारख्या देशांनी त्यासाठी खास परवानेही ठेवले आहेत. परंतु परक्या मुलखात येऊन तिथेच म्हातारा होणारा परदेशी माणूस दख्खनला मुळीच नवा नाही. त्याची खूण शोधायची तर मराठवाड्यातल्या कंधारपासूनही सुरुवात करता येते.

राष्ट्रकूटकालीन कंधारपूर ते हेच. अफगाणिस्तानातले वेगळे, हा खुलासा इथल्या माणसाला बाहेरगावी गेल्यावर करावा लागतो. इथल्या भुईकोटाभोवती खंदक आहे, आणि बुरुजांवरच्या अरबी-फारसी शिलालेखांत किल्ल्याच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या तुर्की तंत्रज्ञांची नावे आहेत. त्यांतले ठळक नाव आका रूमी. 'रूमी' म्हणजे रूमचा, उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. विजापूरची 'मुलूख-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतणारा महंमद बिन हुसेन हाही रूमीच. याच कंधारात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे. 'सय्याह' म्हणजे प्रवासी. आणि हा प्रवासी शेकडो वर्षे एका जागी मुक्कामाला आहे!

अशा बाहेरून आलेल्यांना बहमनी काळात दोन नावे होती: 'आफाकी' आणि 'गरीब'. मराठीच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवे. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर असलेला. आपण हा शब्द घेतला तो 'निर्धन' या अर्थाने. पण बिदरच्या दरबारातले हे 'गरीब' निर्धन मुळीच नव्हते. इराण, इराक, मध्य आशियातून आलेले हे व्यापारी, लेखणीबहाद्दर आणि सरदार राज्यातल्या मोठ्या जागा अडवून बसले होते, आणि दख्खनी सरदारांचा त्यांच्यावर राग होता. १४४७ च्या सुमारास कोकणातल्या शिर्क्यांकडून मार खाऊन परतलेले हे गरीब चाकणला आश्रयाला आले, तेव्हा दख्खनी पक्षाने त्यांची कत्तल घडवली. (त्याच चाकणला आज परदेशी मोटारींचे कारखाने आहेत.)

या कत्तलीनंतर काही वर्षांनी, १४५३ च्या सुमारास, गिलानचा एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरून बिदरला आला. वय चाळिशी ओलांडलेले. हाच महमूद गावान. पुढे तो राज्याचा मुख्य वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बिदरचा प्रसिद्ध मदरसा पुरा केला. पदांची वाटणी करताना दख्खनी आणि आफाकी यांचा समतोल त्याने कसोशीने राखला, तरी त्याचे परकेपण काही पुसले गेले नाही. त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार झाले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी तिसऱ्या महंमदशहाने त्याला ठार करवले. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.

त्यानंतरची हकिगत फिरिश्ता सांगतो (हा इतिहासकारही अस्तराबादचा, म्हणजे गरीबच). वजिराकडे अफाट खजिना असणार अशा समजुतीने सुलतानाने चौकशी केली, तर हाती फारसे काही लागले नाही. गावान मायदेशाहून आणलेले चाळीस हजार लारींचे भांडवल व्यापारात फिरवी आणि खासगी खर्च त्या नफ्यातून चालवी. मातीच्या भांड्यांत जेवे, चटईवर झोपे. कथेत चरित्रकाराचा भक्तिभाव आहे हे उघड आहे. पण परक्या मुलखात राहून गुजराण मायदेशी पैशावर करणे हे या कथेला सद्गुण वाटते, हे मला लक्षणीय वाटते. जो इथले खात नाही तो परका लोकांना सोसवतो.

आता दुसरी बाजू. हबशीही समुद्रापलीकडून आलेले, पण त्यांची गणना गरिबांत झाली नाही. दरबारी भांडणांत ते दख्खनी पक्षात होते. इतिहासकार इथे पंथाचे कारण देतात: आफाकींत शिया पुष्कळ, हबशी बहुतेक सुन्नी. ते खरेच आहे. परंतु मला आणखी एक कारण दिसते. गिलानच्या व्यापाऱ्याला परतीची वाट होती. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशी पोराला ती नव्हती. ज्याला जाण्याची सोय नाही त्याला लोक लवकर 'इथला' म्हणतात.

मलिक अंबरचे आयुष्य हेच सांगते. इथिओपियात जन्मलेला, मोखा-बगदादच्या बाजारांतून दख्खनला पोहोचलेला हा गुलाम निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६०२ मध्ये नांदेडजवळ मोगलांशी लढताना तो जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याची 'मलिकंबरी' जमीनधाऱ्याची पद्धत मराठी कुळांच्या बोलण्यात राहिली. निवृत्ती त्याला लाभलीच नाही. १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात तो कारभार सांभाळतच वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. तरीही वर्गात अंबर आला की 'सर, तो परका की आपला?' हा प्रश्न येतोच. मी उलट विचारतो, त्याने परत कुठे जायचे होते? तनख्यावर निवांत म्हातारपण मिळाले ते त्याच्या मुलाला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन करून फत्तेखान लाहोरला जाऊन राहिला. दख्खनचा मुलगा लाहोरात गरीब झाला, जुन्या अर्थाने.

एकोणिसाव्या शतकात परतीची वाट आगबोटीने सोपी केली. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'चा (१८३९) लेखक मेडोज टेलर पोरवयात निजामाच्या चाकरीत आला, इथेच संसार केला, पत्नीही इथेच गमावली. १८५३ ते १८५७ नळदुर्गचा कारभार पाहिला आणि १८६० मध्ये तब्येत ढासळल्यावर तो मायदेशी गेला. खरे तर इथे कथा संपायला हवी. पण दृष्टी अधू झालेला हा म्हातारा १८७५ मध्ये सालारजंगांच्या निमंत्रणावरून पुन्हा हैदराबादला आला. प्रकृती टिकली नाही, तेव्हा परत निघाला; आणि मे १८७६ मध्ये वाटेतच, फ्रान्समधल्या मांतोन गावी वारला.