पोटखराब्याचा धनी

नागपूरमार्गे येणारी गाडी कोलाघाटापाशी रूपनारायण नदी ओलांडून हावडा जिल्ह्यात शिरते, त्याच सुमारास डब्यात सामान मोजण्याची घाई सुरू होते. त्यामुळे बागनान, उलुबेरिया, आंदुल ही स्थानके आणि त्यांच्यामधले पाणी सहसा कोणी पाहत नाही. आमच्यासारख्या नोकरपेशाच्या माणसाची नजर तिकडे गेली, तरी ती महसूलखात्याचीच असते. डबकी, चिखल, पुरुषभर उंचीचे गवत. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी, म्हणून आकारणीतून वगळलेला. या शब्दाने बंगालच्या भूमीवर काय घडवले, त्याचा थोडा इतिहास येथे सांगावा असा आमचा विचार आहे.

हावडा हे नावच मुळी ‘हाओर’ म्हणजे पाणथळ सखल प्रदेश या शब्दावरून आले, असे मानले जाते. शेजारच्या हुगळीचे नाव ‘होगला’ या गवतावरून पडले, असेही सांगतात. होगला म्हणजे आपल्याकडचे पाणकणीस. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर ज्याला आपण खराबा म्हणतो त्यानेच या दोन्ही जिल्ह्यांना नावे दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच हावड्यात शिबपूर येथे, गंगेच्या काठी, १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने वनस्पतिउद्यान उभारले. त्याची कल्पना कंपनीच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट किड याची. १७७० च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती. अशा वेळी अन्न देतील आणि कंपनीच्या व्यापारालाही लाभतील अशी झाडे परदेशांतून आणून येथे वाढवावीत, असा त्याचा हेतू होता. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पुढे १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग उद्यानाचा अधीक्षक झाला. त्याने या देशातील वनस्पतींची जी नोंद केली, तिचे ऋण आजही अभ्यासक मानतात.

परंतु त्याच १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगालात कायमधारा पद्धत लागू केली. जमीनदाराने सरकारात भरायचा सारा कायमचा ठरला. पडीक जमीन लागवडीस आणली, तर वाढीव उत्पन्न त्याचेच. तेव्हापासून दलदल ही उपटून टाकण्याची वस्तू ठरली. एका हाताने परदेशची झाडे जपली जात होती, दुसऱ्या हाताने घरचे गवत हटवले जात होते. १८५४ मध्ये हावड्याहून हुगळीपर्यंत आगगाडी धावली, १९०० मध्ये नागपूरची वाट खुली झाली. रुळांसाठी भराव पडले, काठाने तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि पाण्याची जागा आक्रसत गेली.

उरलेल्या पाण्यावर दुसरेच संकट आले. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने या देशात आली आणि बंगालच्या तळ्यांवर व खाड्यांवर अशी पसरली, की १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. घरच्या गवताला निरुपयोगी म्हणणाऱ्या व्यवस्थेला पाहुण्या फुलाविरुद्ध कायद्याचे शस्त्र उपसावे लागले!

आता या पोटखराब्याच्या खऱ्या धन्याची ओळख करून देतो. बंगालीत त्याला ‘बाघरोल’ किंवा ‘मेछो बिडाल’ म्हणतात. आपण मासेमार मांजर म्हणू. घरच्या मांजराच्या जवळजवळ दुप्पट आकार, राखाडी अंगावर ओळीने काळे ठिपके, आखूड शेपटी आणि बोटांमध्ये अर्धवट पडदा. मांजर पाण्याला भिते, ही आपली समजूत हा प्राणी खोटी ठरवतो. त्याच्या केसांचा आतला थर इतका दाट असतो, की पाणी कातडीपर्यंत पोहोचत नाही. रात्री तो काठावर दबा धरून बसतो, पंजाने मासा उचलतो, प्रसंगी पाण्यात बुडी मारतो. उंदीरही खातो. दिवसभर विसावा घ्यायला आणि पिले वाढवायला त्याला होगल्याचे दाट गवत लागते.

१८३३ मध्ये बेनेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत बसवले. पश्चिम बंगालचा तो राज्यप्राणी आहे. जागतिक यादीत २००८ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ होता, २०१६ मध्ये ‘असुरक्षित’ ठरला. पण याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. हावड्यात त्याचे घर अभयारण्यात नाही, लोकांच्या खाजगी जमिनीत आहे. होगल्याच्या चटया होतात, पानवेलींच्या मांडवांना गवत लागते; तोवर मालक ते राखतो. गवतापेक्षा जमिनीला अधिक भाव आला, की तेथे वीटभट्टी किंवा घरे उभी राहतात. मग बेघर झालेला बाघरोल कोणाच्या तरी तळ्यावर येतो, वाघाचे पिल्लू समजून मारला जातो, नाहीतर रस्त्यावर मोटारीखाली सापडतो.

२०१० पासून तिआसा आढ्य आणि त्यांचे सहकारी या प्राण्यासाठी झटत आहेत. त्यांच्या कार्याचे मर्म असे, की या प्राण्याला गावकऱ्यांच्या संमतीखेरीज जागा नाही. हेच काम पुढे ओडिशातील चिल्का सरोवराकाठी गेले आणि २०२२ मध्ये तेथे १७६ मासेमार मांजरांची गणना जाहीर झाली, तीही अभयारण्याबाहेर.

नदीपलीकडचे एक उदाहरण आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत शहराचे सांडपाणी सूर्यप्रकाशाने शुद्ध होते आणि त्यावर मासे व भाजीपाला पोसला जातो. हे शहराचे फुकटचे शुद्धीकरण केंद्र आहे, हे ध्रुबज्योती घोष या सरकारी अभियंत्याने कोळी-शेतकऱ्यांकडून समजून घेतले आणि जगाला सांगितले. २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांच्या त्या क्षेत्राला रामसर यादीत स्थान मिळाले, २००६ मध्ये त्यासाठी कायदा झाला. घोष २०१८ मध्ये निवर्तले. बदलीच्या, बढतीच्या हिशेबात रमणाऱ्या आम्हा लोकांपैकीच तो एक होता. फरक इतकाच, की त्याने नकाशावरचा खराबा प्रत्यक्ष जाऊन पाहिला.

वाघ नाहीसा झाला, तर दुसरीकडून आणून सोडता येतो. आपल्या देशात तसे घडलेही आहे. बाघरोलाला मात्र कोठून आणण्याची गरज नाही. त्याचे गवत राखले, तर तो आपल्या पायांनी येईल. एकदा भराव पडला, तर मात्र आणूनही ठेवायचे कोठे? सांत्रागाछीच्या रेल्वेच्या तलावात हिवाळ्यापूर्वी जलपर्णी काढताना तिची काही बेटे मुद्दाम राखतात, आणि त्यांवर रानबदके येऊन बसतात. एवढी थोडी जागाही पुरते.

जमिनीला कोणते नाव द्यायचे, हे आमच्यापैकी अनेकांच्या लेखणीवर अवलंबून असते. पुढच्या वेळी सुटीहून परतताना, सामान आवरण्यापूर्वी, खिडकीबाहेर त्या गवताकडे एकवार पाहावे. नोंदवहीत ज्याला धनी नाही, त्याचा धनी तेथे झोपलेला असेल.