चित्रात लपवलेलं नाव

एदो म्हणजे आजचं टोकियो. अठराव्या शतकात या शहरात सुंदर स्त्रियांची छापील चित्रं मोठ्या हौसेनं विकत घेतली जात. त्यांना ‘बिजिन-गा’ म्हणत. चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर ते चेरीच्या लाकडावर कोरी आणि तिसरा प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा लावून कागदावर उतरवी. १७६५ पासून ही बहुरंगी छपाई रूढ झाली.

या कलेतला उस्ताद कितागावा उतामारो. १७९३च्या सुमारास त्यानं तीन सुंदरींचं एक चित्र केलं. तिघींपैकी एक ओकिता, असाकुसाच्या देवळाजवळच्या ‘नानिवाया’ या चहाच्या दुकानात काम करणारी मुलगी. ना राजकन्या, ना देवी. तरीही तिचा चेहरा गाजला.

सरकारला हे रुचलं नाही. १७९३ साली हुकूम निघाला की, चित्रावर नाव छापायचं ते फक्त गणिकांचं, इतर स्त्रियांचं नाही. उतामारोनं मग चित्राच्या कोपऱ्यात कोडं घातलं. भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, खोल समुद्र आणि भातखाचर. जपानीत त्यांचे उच्चार जोडले की होतं ‘ना-नि-वा-या ओकि-ता’! १७९६ साली या कोड्यांवरही बंदी आली.

कवी म्हणून मला या खेळाचं कौतुक वाटतं. पण मन अडतं ते हुकमाच्या दुसऱ्या बाजूपाशी. गणिकांची नावं का चालत होती? योशिवारा ही त्यांची वस्ती खंदकानं वेढलेली होती. गरीब घरच्या मुली लहानपणीच करारानं तिथं विकल्या जात. त्यांना कोठ्याचं नाव मिळे. नावाजलेल्या गणिकेचं नाव पुढे दुसरीला दिलं जाई. म्हणजे कायद्यानं मान्य केलेलं नाव तिचं नव्हतंच, ते कोठ्याचं होतं.

१८०४ साली हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं काढल्याबद्दल उतामारोला पकडलं आणि पन्नास दिवस त्याच्या हातांत बेड्या ठेवल्या. १८०६ साली तो वारला.

ओकिताचं नाव टिकलं, कारण कुणीतरी ते भाजीच्या जुडीत लपवलं. योशिवारातल्या स्त्रियांचे चेहरेही आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आईनं ज्या नावानं हाक मारली, ते नाव मात्र त्या चित्रांवर नाही.