सिलिका जेलची साक्ष

ज्या द्रव्यातील पाणी निघून गेल्यावरही त्याने व्यापलेल्या सूक्ष्म पोकळ्या तशाच शिल्लक राहतात, आणि ज्याच्या एका ग्रॅमच्या पोटात कित्येक शे चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो, त्या सिलिका जेलकडे आर्द्रता शोषणारा पदार्थ एवढ्याच दृष्टीने पाहिले जात असता, हायडेलबर्ग येथील रसायनज्ञ हान्स काउट्स्की यांनी त्याच्याकडून प्राणवायूची साक्ष काढली.

ट्रिपाफ्लेविन हे पिवळे रंगद्रव्य त्यांनी जेलच्या कणांवर बसविले. सच्छिद्र भिंतींना चिकटून त्याचे रेणू परस्परांपासून अलग पडल्यामुळे, निर्वात नळीत प्रकाश काढून घेतल्यावरही ते कण काही काळ तेजाळत राहत. परंतु प्राणवायूचा लेशमात्र शिरकाव होताच ती दीप्ती मावळे. मग त्या दीप्तीची ऊर्जा जात होती कोठे?

1931 साली द ब्रॉइन या सहकाऱ्यासह काउट्स्की यांनी जो प्रयोग मांडला, त्याच्याइतका निर्मळ प्रयोग प्रकाशरसायनाच्या इतिहासात मला तरी क्वचितच आढळतो. कणांची दुसरी रास त्यांनी घेतली, तिच्यावर मॅलाकाइट ग्रीनचे, ऑक्सिडीकरण होताच हिरवे होणारे, वर्णहीन रूप बसविले, आणि दोन्ही राशी एकत्र मिसळल्या. दोन्ही द्रव्ये आपापल्या कणांना जखडलेली असल्याने त्यांचा परस्परस्पर्श अशक्यच होता. तरीही अत्यंत विरळ प्राणवायूत प्रकाश पाडताच वर्णहीन कण हिरवे झाले. मधली पोकळी ओलांडून जाणारे काही असेल, तर तो प्रकाशाची ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेला प्राणवायूच, हा त्यांचा निष्कर्ष होता.

समकालीनांनी तो मान्य केला नाही. त्यांच्यापैकी गॅफ्रॉन यांचा आक्षेप असा की, अशा क्रिया तांबड्यापलीकडच्या प्रकाशातही घडतात आणि त्या प्रकाशाची ऊर्जा काउट्स्की यांनी गृहीत धरलेल्या प्राणवायूच्या उत्तेजित अवस्थेस पुरत नाही. आक्षेप वजनदार होता. काउट्स्की यांनी कमी ऊर्जेच्या दुसऱ्या अवस्थेकडे निर्देश केला, तरी त्यांची कैफियत तीन दशके दप्तरी पडून राहिली. अखेर 1964 साली अमेरिकेत फूट व वेक्सलर यांनी, प्रकाशावाचून केवळ रासायनिक क्रियेने असा उत्तेजित प्राणवायू निर्माण करून, त्यापासून प्रकाशक्रियेतलीच उत्पादिते मिळविली, तेव्हा निवाडा फिरला. काउट्स्की त्या वेळी हयात होते. 1966 साली ते निवर्तले.

दीप्ती मावळण्याचा तो गुण पुढे विमानविद्येच्या कामी आला: वातविवरात ठेवलेल्या विमानाच्या प्रतिकृतीवर प्राणवायूला आत शिरू देणारा दीप्तिमान रंग चढवितात, आणि जेथे हवेचा दाब अधिक तेथे तो मंद पडतो, त्यावरून पंखावरील दाबाचा नकाशा छायाचित्रातून वाचता येतो.