नववीचे गुण कुठं मोजतात?

"नववीचं काय एवढं, दहावीला बघू," असं आमच्या धर्माबादच्या गटांतही सर्रास म्हणतात. पण याच महाराष्ट्रात एकदा नववीचे गुण मोजले गेले. ती गोष्ट आज सांगतो.

१९७५ साली आपल्या राज्यात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. त्याआधी मॅट्रिक अकरावीला असायची. आता अकरावीचा नि पॉलिटेक्निकचा प्रवेश दहावीच्या गुणांवरच होतो. लातूर-नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजात विज्ञान घ्यायचं, तर आधी दहावीची टक्केवारी लागते.

२०२१ साली कोरोनामुळं दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. बोर्डानं शंभरातले ५० गुण नववीच्या निकालाचे धरले, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. अकरावीची सीईटी उच्च न्यायालयानं रद्द केली. मग प्रवेश याच गुणांवर झाले.

त्या पोरी २०१९-२० ला नववीत होत्या. लॉकडाऊनमुळं त्यांची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती. पहिल्या सत्राचे गुण कामी आले. पहिलं सत्र म्हणजे सोयाबीन काढणीचे दिवस! तेव्हा रानात गेलेल्या पोरीचा बुडालेला पेपर पुढं कॉलेजच्या दारात आडवा आला.

आता परीक्षा पूर्वीसारखी होते. पण गणित-विज्ञानाचा पाया नववीतच बसतो. म्हणून यंदा गटात ठरवू या: सहामाहीच्या आठवड्यात पोर शाळेत, नि काढणीला आपण एकमेकींच्या रानात सावडीनं.